ओल्या वाळूवरची चूल

तानुबाईंच्या पोटात तीन दिवस अन्नाचा कण गेला नव्हता. आज भाकरी गेली नाही तर त्या द्वारकेला पोचणार नाहीत, हे आगबोटीवरच्या कुणालाही दिसत होतं. दिसत नव्हतं ते फक्त त्यांच्या यजमानांना. खुशालराव कठड्याला धरून उभे होते आणि खालच्या होड्यांतून बोटीवर चढणाऱ्या कापसाच्या गाठी न्याहाळत होते.

"आपल्या कापसाची सर नाई याले," ते म्हणाले. "काय रे सूर्यभान?"

सूर्यभानचं तिकडे लक्ष नव्हतं. तो आईच्या उशाशी बसला होता. पायथ्याशी त्याची बायको जयवंता होती. तिने सासूच्या हाताची कातडी हळूच चिमटीत धरली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली. दोन वर्षांमागे त्यांच्या गावी, भातकुलीत, पटकीची साथ आली होती, तेव्हा सूर्यभानच्या हाताची कातडी अशीच उभी राहायची. जयवंताने सासूचा हात पदराखाली झाकून टाकला, जणू काही तो कुणी पाहिला नाही म्हणजे झालं.

सगळं सुरू झालं ते त्या पटकीपासूनच. लेक हातचा जातो असं दिसल्यावर तानुबाईंनी द्वारकेच्या देवाला नवस बोलला होता. पोरगा वाचला तर तुझ्या पायाशी येईन, आणि येईस्तोवर वाटेत परक्या हातचं खाणार नाही. आपल्या वावरातली जवारी, आपल्या घरच्या बाईच्या हातची भाकर आणि भुईवर मांडलेली चूल. नवस बोलताना भुई सोडून पाण्यावरून जावं लागेल, हे त्या माउलीच्या ध्यानीमनीही नव्हतं. समुद्र त्यांनी पाहिला होता कुठे?

पाण्यावरून जायची हौस खुशालरावांची. तिकडे अमेरिकेत गोरे लोक आपसात लढत होते आणि इकडे वऱ्हाडाच्या काळ्या मातीत सोनं पिकत होतं. अमरावतीच्या बाजारात मुंबईचे व्यापारी शेतकऱ्याच्या गाडीमागे धावत. खुशालरावांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, जरीचा फेटा घेतला, तरी जिवाला चैन पडेना. मग त्यांनी ठरवलं की द्वारकेला पायी जातात ते भिकारी, आपण आगबोटीनं जायचं. अकोला ओलांडून आगगाडी भेटेपर्यंत बैलगाडी, तिथून मुंबई, आणि मुंबईला आगबोट. मुंबईपर्यंत ठीक होतं. धर्मशाळेच्या अंगणात चूल मांडता येत होती. आगबोटीवर मात्र पायाखाली नुसत्या फळ्या. फळ्यांना काही भुई म्हणता येत नाही. घरून आणलेल्या दशम्या पहिल्याच दिवशी बोट लागून उलटून पडल्या, दुसऱ्या दिवशी बोट कलली तेव्हा पाण्याची घागर लवंडली, आणि बोटीवरच्या टाकीचं पाणी प्यायला तानुबाई तयार होईनात.

म्हणून आजचा दिवस महत्त्वाचा होता. काठेवाडातलं ते एक लहानसं बंदर. बोट कापूस भरायला थांबली होती. बोटीच्या सारंगाने सांगितलं होतं की सूर्य माथ्यावर आला की निघणार. तीन शिट्या होतील, तिसरीनंतर कुणासाठी थांबणार नाही. इथे उतरून राहिलात तर पुढची बोट पंधरवड्यानं. जयवंताने मनाशी हिशेब केला. पाणी, सरपण, पीठ मळणं, चार भाकरी. घरी एवढं काम ती हसतखेळत करायची. इथे विहीर कुठे आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

होडीवाल्याने त्यांना काठाला आणलं तेव्हा ऊन नुकतं वर येत होतं. पाणी दूरवर मागे गेलेलं, आणि मध्ये ओल्या वाळूचा भलामोठा पट्टा. सूर्यभानने आईला पाठीवर घेतलं. तिचं वजन इतकं कमी झालं होतं की तो दोनदा थबकला आणि ती आहे ना हे त्याने मान वळवून पाहिलं. जयवंताच्या डोक्यावर पिठाची पिशवी होती, काखेत तवा आणि परात. खुशालरावांच्या एका हातात घागर-तांब्या आणि दुसऱ्यात भातकुलीहून आणलेली पऱ्हाट्यांची मोळी होती. आख्ख्या बोटीवर कापसाच्या वाळक्या काड्या सोबत घेऊन हिंडणारा तो एकच माणूस असेल.

"वर चाला, गावाजवळ," सूर्यभान म्हणाला.

जयवंताने वर पाहिलं. कोरड्या वाळूवर मासळी वाळत घातली होती. खवले, सडकं शेवाळ, चार कुत्री. वासाने तिलाच मळमळलं, मग सासूला काय होईल?

"तिकडे नोको," ती हळूच म्हणाली. "इथं वल्यात मांडू चूल. जागा धुतलेली आहे."

तिचं काही चुकत नव्हतं. तिचं माहेर कौंडण्यपूरचं, वर्धा नदीच्या काठचं. तिथल्या जत्रेला माणसं येत ती नदीच्या ओल्या वाळूतच चुली मांडत. जागा जितकी पाण्याजवळ तितकी स्वच्छ. नदीने धुतलेल्या जागेला सारवण लागत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत तानुबाईंनीही तिला हेच सांगितलं होतं आणि स्वतःच्या हाताने जागा दाखवली होती. शेजारीच एक मछवा एका कुशीवर कलून वाळूत पडला होता. त्याची सावली छान पडली होती. सूर्यभानने आईला त्या सावलीत निजवलं. एवढी थोरली होडी इथे पाण्याविना काय करते आहे, हा प्रश्न चौघांपैकी एकालाही पडला नाही.

बापलेक घागर घेऊन गोड्या पाण्याच्या शोधात गेले. जयवंताने वाळूत खळगा केला, तीन दगड मांडले, पऱ्हाट्या रचल्या. वर झोपड्यांपाशी एक म्हातारी जाळं विणत बसली होती. ती उठली आणि हात हलवून काही ओरडू लागली. भाषा परकी. ती एकदा मछव्याकडे बोट दाखवी, एकदा समुद्राकडे. जयवंताला वाटलं, मछवा हिचा असावा आणि सावलीत बसलेलं हिला खपत नसावं. तिने दोन्ही हात जोडले.

"थोड्या वेळानं उठतो, बाई. मानूस बिमार आहे आमचं."

म्हातारीने कपाळावर हात मारला आणि पुन्हा ओरडली. जयवंताने पाठ फिरवली. मनात म्हणाली, काय बाई मुलूख आहे, सावलीसुद्धा देववत नाही लोकांना.

पऱ्हाट्या समुद्राच्या हवेने सादळल्या होत्या. धूर झाला, डोळ्यांत पाणी आलं, जाळ काही होईना. फुंकून फुंकून तिला चक्कर यायला लागली. सूर्य एवढा वर आला होता. पुरुष कुठे राहिले? ती दर थोड्या वेळाने उठून सासूच्या नाकापुढे बोट धरी. श्वास लागत होता.

"अजून नाई मेली," तानुबाई डोळे न उघडता पुटपुटल्या.

"असं काऊन बोलता, आत्याबाई."

पाणी आलं तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. विहीर लांब होती, आणि तिथे बायांची रांग. सूर्यभानने आईच्या तोंडात पाणी घातलं. एक घोट, दुसरा घोट. तिसऱ्याला तानुबाईंनी स्वतः तांब्याला हात लावला. पाणी पोटात राहिलं. जयवंताच्या जिवात जीव आला. तिने परातीत पीठ घेतलं, घाईने मळलं, आणि देवाचं नाव घेऊन पहिली भाकर तव्यावर टाकली. भाकरीचा वास सुटला तसा तानुबाईंनी डोळे उघडले.

"आपली जवारी," त्या म्हणाल्या.

"हाव आत्याबाई. आता होते."

तेवढ्यात चूल चरचरली. जयवंताने वाकून पाहिलं. खळग्याच्या बुडातून पाणी पाझरत होतं. घागर कलंडली असेल म्हणून तिने वळून पाहिलं तर घागर जागच्या जागी. मग ती हात धुवायला ज्या काळ्या दगडापाशी गेली होती, तो दगड तिने नजरेने शोधला. दगड नव्हता. तिथे पाणी होतं, आणि पाण्याची कड तव्यापासून वीस पावलांवर.

सासऱ्याशी समोरासमोर बोलायची त्या घरात रीत नव्हती. पण रीत सांभाळायला सवड कुणाला होती?

"मामाजी, पानी चढून राहिलं!"

खुशालराव मछव्याला टेकून बसले होते. त्यांनी पाण्याकडे पाहिलंच नाही, वर आभाळाकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी पूर असाच ओळखला होता. आधी वरच्या अंगाला आभाळ भरायचं, मग नदी चढायची.

"आभाळ कोरडं ठन्न आहे," ते म्हणाले. "ढगाचा ठिपका नाई. पूर येईन कुठून? तू भाकर पाय, जळून राहिली."

त्यांचं बोलणं जयवंताला पटलं, हे तिला पुढे कितीतरी वर्षं सलत राहिलं. तिने भाकर उलटली. एक बाजू छान शेकली होती. दुसरी बाजू शेकायला असा कितीसा वेळ लागतो? तेवढ्यात पुनवेच्या भरतीची एक लाट कसलाही आवाज न करता सपाट वाळूवरून सरकत आली आणि चुलीत शिरली. फस्सकन वाफ उठली. जयवंताने भाकरीवर झडप घातली, हात पोळला, भाकर निसटली. पुढच्या लाटेने परात उचलली आणि तिसरीने घागर आडवी केली. पिठाची पिशवी तरंगत चालली होती. तिने ती ओढून धरली, छातीशी घेतली. आतून पांढरं पाणी गळायला लागलं. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून ते पाहत होती.

"आईले उचला!" ती ओरडली. नवऱ्याला तिने असा हुकूम आयुष्यात पहिल्यांदा केला.

सूर्यभानने आईला उचललं आणि धापा टाकत वर नेलं, त्याच मासळीच्या आणि कुत्र्यांच्या कोरड्या वाळूवर. मागे तो कललेला मछवा हलला, सरळ झाला आणि शहाण्यासारखा तरंगू लागला. पऱ्हाट्या त्याच्याभोवती पसरल्या होत्या.

पहिली शिटी झाली.

"सूनबाईनं केलं हे!" खुशालरावांचा फेटा भिजून एका कानावर आला होता. "वर चाला म्हनून राहिला होता पोरगा. हिले वल्यातच मांडाची होती चूल! सगळं पीठ बुडवलं."

जयवंता मान खाली घालून उभी राहिली. जागा तिनेच निवडली होती.

"आपन इथंच राहू, बाबा," सूर्यभान म्हणाला. "आईले असं बोटीवर कसं न्याचं?"

"इथं राहून काय? आपल्या वावरातली जवारी इथं कोन देईन? पीठ गेलं म्हंजे सगळं गेलं."

ते खरं होतं. नवस पाळायचा तर आता तानुबाईंनी खायचं तरी काय? तानुबाईंनी वाळूवर पडल्यापडल्या ते सगळं ऐकलं.

"चाला बोटीवर," त्या म्हणाल्या. "दोन रोजाची तं गोष्ट. द्वारका येईन. तवर तग धरीन मी."

त्यांच्या ओठांच्या कडांना पांढरं साचलं होतं. जयवंताने पुन्हा हाताची कातडी धरून पाहायची हिंमत केली नाही. दोन रोज. उद्या सकाळी हा श्वास असेल का, याचीच तिला खात्री वाटत नव्हती. तिने वळून झोपड्यांकडे पाहिलं आणि कुणाला न विचारता धावत सुटली.

ती जाळंवाली म्हातारी दारातच होती. हसली नाही, रागावली नाही. जयवंताने तिचे पाय धरले, हाताने घास तोंडाकडे नेल्याची खूण केली, आणि खाली वाळूवर निजलेल्या सासूकडे बोट दाखवलं. म्हातारीने चुलीजवळची टोपली उघडली. बाजरीचे जाड रोटले होते, करड्या रंगाचे. ते तिने एका फडक्यात बांधले, मडक्यात ताक घेतलं आणि ते घेऊन स्वतःच पुढे चालू लागली.

दुसरी शिटी झाली.

जयवंताने सासूचं डोकं मांडीवर घेतलं. रोटल्याचा तुकडा ताकात बुडवला.

"आत्याबाई, खा."

तानुबाईंनी तुकड्याचा रंग पाहिला. "कोनाच्या हातची?"

"या बाईच्या. बाजरीची आहे. खोटं नाई सांगत मी तुमाले."

"जयवंते, नवस कोनासाठी बोलला होता म्या?"

जयवंताने नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही तिला. झोपडीपासून इथवर येताना ती याच प्रश्नाला भीत होती.

"माह्या कुंकवासाठी."

"मंग तूच मोडाले सांगतं? त्याले काई झालं तं?"

सूर्यभान हाताच्या अंतरावर उभा होता, धडधाकट, ओला. नवस मोडला आणि उद्या त्याला काही झालं तर? भातकुलीतल्या बाया काय म्हणतील हे तर सोडाच, ती स्वतः स्वतःला काय म्हणेल? पण मांडीवरचं डोकं इतकं हलकं लागत होतं की तिच्या तोंडून शब्द आपोआप फुटले.

"आत्याबाई, मी कौंडण्यपूरची. रुक्मिनी बी आमच्या गावची. थे इकडे सासरी आली, तं माहेरची जवारी बांधून आनली होती का तिनं? कोन बांधून देईन? भावाशी तं भांडन झालं होतं. पयल्या दिवशी तिच्या पोटात याच मुलखाची भाकर गेली असन. अशाच एखाद्या म्हातारीनं देल्ली असन. आन् आता तिच्याच दारी चाललो आपन. माह्या माहेराकडची बाई भुकेनं मेली, पन माह्या सासरची भाकर नाई खाल्ली, हे आयकून तिले बरं वाटन का?"

तानुबाईंनी तोंड मिटलेलंच ठेवलं. जयवंताने तुकडा त्यांच्या ओठांशी नेला.

"आन् देवाले राग आलाच, तं माह्यावर येऊ द्या. मी मोडाले लावला. तुमी नाई मोडला. खा न आत्याबाई, पाया पडतो मी तुमच्या."

तानुबाई तिच्याकडे बघत राहिल्या. सात वर्षांत या सुनेच्या तोंडून त्यांनी इतके शब्द एका दमात ऐकले नव्हते. मग त्यांनी तोंड उघडलं. जयवंताने तुकडा भरवला. सगळे त्या हलणाऱ्या जबड्याकडे पाहत होते, म्हातारीसुद्धा. घास उतरला आणि पोटात राहिला. दुसरा उतरला. ताकाचा घोट.

"मोडला!" खुशालराव कडाडले. "या पोरीनं आंधी पीठ बुडवलं, आता नवस बुडवला!"

तानुबाईंनी हात वर केला.

"वल्या वाळूत चूल मांडाची हे इले म्या शिकवलं," त्या म्हणाल्या. मध्ये दम घेतला. "आन् पुराले आभाळ लागते, हे तुमी सांगतलं. पोरीवर काऊन गुरकावून राहिले? तिनं आपल्या दोघाईचं आयकलं, एवढंच चुकलं तिचं."

खुशालरावांनी फेटा काढून पिळला. तेवढंच करण्यासारखं होतं.

तिसऱ्या शिटीची वाट कुणी पाहिली नाही. पाणी आता कोरड्या वाळूपर्यंत चढलं होतं, होडी अगदी पायाशी आली. सूर्यभानने आईला आत ठेवलं. म्हातारीने उरलेल्या रोटल्यांचं फडकं जयवंताच्या ओटीत टाकलं आणि कमरेएवढ्या पाण्यात शिरून होडी ढकलून दिली.

अर्ध्या वाटेवर तिसरी शिटी झाली. बोटीची शिडी अजून खाली होती. जयवंताचा जीव मात्र शिडीत नव्हता. सासू मांडीवर डोळे मिटून निजली होती आणि ती एकेक श्वास पाहत होती. हा आला. हा आला. पुढचा येईल का? एवढ्या दिवसांनी अन्न गेलं, सोसलं नाही तर? की देवाने रागावून दोघांपैकी कुणाला न्यायचं ते अजून ठरवलंच नसेल? तिने चोरून सूर्यभानकडे पाहिलं. तो होडीवाल्याला वल्हं मारू लागत होता.

"बाजरी जड असते," तानुबाई डोळे मिटलेले ठेवूनच म्हणाल्या. "पन बसली पोटात. भाकरी किती देल्ल्या तिनं?"

"चार आहेत, आत्याबाई."

"बोटीवर कोनाले वाटजो नोको."

"नाई वाटत."

तानुबाईंनी कूस बदलली आणि सुनेचा पोळलेला हात आपल्या गालाखाली घेतला.

"सकायी मले लवकर उठवजो," त्या म्हणाल्या. "भूक लागन मले."

जयवंताने पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण रडं काही आवरलं नाही.